कानसेनांचं "बरं"

गॅरेजात सगळे त्यांना कानसेन म्हणायचे. गिऱ्हाइकाची गाडी फाटकातून आत वळली, की हातातला चहा खाली न ठेवता कानसेन सांगायचे, "पुढच्या चाकाचं ब्रेक पॅड गेलंय. उगाच इंजिन उघडू नका." उभा जन्म त्यात गेला. मग एका सकाळी दाढी करताना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं गेलं. राहिला एकच शब्द, "बरं."

आता आली का पंचाईत! राग आला तरी बरं, भूक लागली तरी बरं. लेक कौतुकाने सांगायची, "बाबा आता कशालाच नाही म्हणत नाहीत." कपाळ माझं! नाही म्हणायला शब्द नको का?

व्यायामासाठी जावई त्यांना गाडीतून दवाखान्यात न्यायचा. जावई देवमाणूस, पण गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. ब्रेक दाबला की चाकातून बारीक किंचाळी यायची. झिजलेलं पॅड असं आधी ओरडून सांगतं. कानसेनांनी त्याची बाही ओढली. "बरं, बरं!"

"गाणं लावू का बाबा?" म्हणत त्याने लावलंसुद्धा.

घरी येऊन त्यांनी डाव्या हाताने कागदावर कसंबसं एक चाक काढलं. नातीने त्याला पिवळा रंग दिला आणि सूर्य म्हणून फ्रीजवर चिकटवलं.

पुढे ती किंचाळी थांबली. "बघा, गेला आवाज आपोआप," जावई खूश. कानसेन मात्र कान देऊन ऐकत होते. आता पॅड संपलं होतं आणि लोखंडावर लोखंड खरखरत होतं. ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढत होती. जावयाला एकदाच्या जागी दोनदा पाय दाबावा लागत होता, आणि त्याच्या ते गावीही नव्हतं. कानसेनांनी डावा पाय खाली आपटून दाखवला. घरी लेकीने त्यांचा बूट काढून पाऊल चोळून दिलं. "पेटका आला होता ना?" त्यांना रडू फुटलं. तिने डोळेही पुसले.

रविवारी लेक, जावई आणि नात डोंगर उतरून जावयाच्या बहिणीकडे जाणार होते. कानसेनांजवळ शेजारच्या काकू बसणार होत्या. तो उतार कानसेनांना ठाऊक होता. निघायच्या वेळी ते काठी टेकत बाहेर आले आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. लेकीने समजावलं, मग रागावली. ते हलेनात. त्यांचा हिशेब साधा होता, आपण उतरलो नाही तर गाडी निघणार नाही.

"आजोबांना पण यायचंय," नात म्हणाली.

लेकीला भरून आलं. "खरंच की. आजारपणापासून कुठे नेलंच नाही आपण त्यांना." तिने काकूंना निरोप दिला, औषधं पिशवीत घातली, बाबांचा पट्टा लावला, लुळा हात उचलून त्यांच्या मांडीवर नीट ठेवला. कानसेन जीव तोडून "बरं, बरं" करत होते. "किती आनंद झालाय बघा," ती म्हणाली.

उतार लागला. वळणाआधी जावयाने ब्रेक दाबला. पाय पार तळाला गेला. पुन्हा दाबला, तेच. त्याने गाणं बंद केलं.

"बाबा," मागे ऐकू जाऊ नये म्हणून तो हळूच म्हणाला, "ब्रेक लागत नाहीये. काय करू?"

गिअर खालचा टाक, हँडब्रेक हळूहळू ओढ, गाडी डोंगराच्या अंगाला घे. सगळं कानसेनांना लख्ख माहीत होतं. हँडब्रेक दोघांच्या मधे, त्यांच्या उजव्या हाताशी होता. त्यांनी डावा हात आडवा नेला, पण पट्ट्याने धरून ठेवलं, हात तिथवर पोचेना. वळण अंगावर आलं होतं, आणि जावई रस्त्याकडे बघायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.