दुपारची पाळी

वारा सुटला की न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या तळ्याकडे कुणी फिरकत नाही. विभावरी मात्र तशा वाऱ्यातही ओवीला प्रॅममध्ये घालून रोज दुपारी तिथं जायची. घरात तिचा जीव घुसमटायचा. संशोधन संस्थेतली माती तपासायची तिची नोकरी बाळंतपणाच्या रजेपायी अधांतरी लटकली होती. परत येणार की नाही, हे शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. नवरा धैर्यशील आठवडाभर ऑकलंडला. कंपनी घरून काम करू द्यायची, पण नवरोबांच्या लेखी घर म्हणजे ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागातली मित्रांची खोली! "अजून थोडे दिवस तूच सांभाळ ना," हे त्याचं पालुपद.

तळ्याकाठी लव्हाळ्याच्या ढिगावर एक काळी हंसीण अंडी उबवत बसलेली असायची. लालभडक चोच, चोचीवर पांढरा पट्टा, पाठीवर कुरळी पिसं. बसल्या बसल्या मान लांबवून काड्या ओढायची आणि घरट्यात खोचायची. जोडीदाराचा पत्ता नसायचा.

"उंडारत असेल मेला," विभावरी तिला म्हणायची. "बस बाई तू. आपलं नशीबच ते."

बुधवारी ओवी झोपेना, म्हणून विभावरी संध्याकाळपर्यंत तिथंच येरझाऱ्या घालत राहिली. नोकरी सोडत असल्याचा मेल फोनमध्ये लिहून तयार होता. नुसता पाठवायचा बाकी होता.

तेवढ्यात दुसरा हंस उडत आला. काळ्या पंखांच्या कडा पांढऱ्याशुभ्र! दोघांनी माना उंचावून तुतारीसारखा आवाज काढला. बसलेला पक्षी उठला, आलेल्यानं फिकट हिरवी अंडी चोचीनं सारखी केली आणि त्यांच्यावर बसकण मारली.

"आई आली," कुत्रा फिरवायला आलेले म्हातारे ग्रॅहम इंग्रजीत म्हणाले. "रात्री ती बसते. दिवसा बहुतेक बापच असतो. मान बघ ना त्याची, केवढी लांब."

विभावरीला आधी हसूच फुटलं. इतके दिवस ती एका पुरुषाची कीव करत होती! मग संताप आला, धैर्यशीलचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिनं मेल पुसून टाकला आणि तिथूनच फोन लावला.

"सोमवारपासून मी कामावर जातेय. दिवसा ओवीजवळ तू बसायचंस."

"अगं, असं कसं? आणि माझ्या कामाचं काय?"

"हा प्रश्न तू आज पहिल्यांदा विचारतोयस. मी सात महिने रोज स्वतःला विचारतेय."

इकडे ओवीनं भोकाड पसरलं.

"आता हिला काय ते सांग," म्हणत विभावरीनं फोन लेकीच्या तोंडापाशी धरला.