अख्खं थान पाहणारा रफिक

फोन रफिकच्या नंबरवरून आला म्हणून मी नेहमीच्याच थाटात उचलला. "बोला फोटोवाले, आज सुट्टीच्या दिवशी कशी काय आठवण झाली?" पलीकडून त्याची मुलगी नाझिया बोलली. "काका, अब्बू गेले." रविवार होता. आठवडाभर जळगावात नोकरी आणि रविवारी धुळ्याला घरी, हा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत खेळ खलास. मी पोरीला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पण बाप गेलेल्या पोरीच्या कानावर पहिला शब्द आपण थट्टेचा घातला, ही टोचणी धुळ्यापर्यंत माझ्यासोबत होती आणि आज दीड महिन्यानंतरही गेलेली नाही.

तिकडे इमारतीच्या अंगणात जमलेल्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "त्या किरणांनीच खाल्लं बिचाऱ्याला. रोज त्या विषात हात घालायचा..." मी तिथेच त्याच्यावर उखडलो. मयताच्या दारात आवाज चढवू नये हे मलाही कळतं, पण माझा स्वभावच तसला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, अडाणीपणा ऐकला की डोकं फिरतं. रफिकच्या खिशाला कायम एक बिल्ला अडकवलेला असायचा. स्कॅनच्या कामात अंगावर किती किरणं पडली ते त्या बिल्ल्यात नोंदलं जायचं, दर तीन महिन्यांनी तो तपासायला जायचा आणि दर वेळी आकडा मर्यादेच्या खूप खाली यायचा. "मास्तर, तुझ्या बिडीपेक्षा माझी नोकरी सेफ आहे," असं तो मला सुनवायचा. त्याला नेलं ते हृदयाने. त्याच्या कामाला कुणी उगाच बोल लावू नये, म्हणूनही हे लिहायला बसलोय.

आम्ही धुळ्याच्या कॉलेजात एका बाकावर बसून फिजिक्स शिकलो. मी नरडाण्याजवळच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, तो धुळ्यातल्या यंत्रमाग कामगाराचा. पुढे मी मास्तर झालो आणि तो मुंबईला जाऊन न्यूक्लिअर मेडिसिन नावाचं काहीतरी शिकून आला. किरणोत्सारी औषधाचा थेंबभर डोस शिरेतून द्यायचा, ते शरीरात कुठे जाऊन बसतं ते गॅमा कॅमेऱ्याने टिपायचं, असं ते काम. म्हणजे एक्सरेच्या उलट. एक्सरेत उजेड बाहेरून आत जातो, इथे आतूनच बाहेर येतो. तो जळगावच्या एका स्कॅन सेंटरात टेक्निशियन म्हणून लागला तेव्हा मी त्याचं नाव ठेवलं 'फोटोवाला'. त्याला राग कधी आलाच नाही. "फोटोवाला तर फोटोवाला. पण अख्ख्या माणसाचा फोटो काढतो मी," एवढंच म्हणायचा. या बोलण्यात केवढं काय भरलेलं होतं ते मला कळायला माझ्या मायचा गुडघा दुखावा लागला.

मायचं वय पंचाहत्तरच्या पुढे. तिच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदललेला, दोन वर्षं छान चालत होती. गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांचं पीठ दळायला, कुणाचं न ऐकता तासन्‌तास जात्याशी बसली आणि गुडघा धरला. आठवडाभरात तो लाल झाला, तापला, भोपळ्यासारखा सुजला. वर ताप आणि थंडी. गावच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, ताप उतरायचा नि पुन्हा चढायचा. जळगावच्या सर्जनने सुईने पाणी काढून तपासलं, पण आधीच्या गोळ्यांमुळे निकाल ना धड इकडचा ना धड तिकडचा. रक्ताच्या तपासणीत मात्र सूज भरपूर दिसत होती. सर्जन माणूस सरळ होता. त्याने समजावून सांगितलं की बसवलेल्या सांध्यावर जंतूंनी घर केलं असेल तर तो सांधा काढावाच लागेल. काही आठवडे पाय सांध्याशिवाय, मग पुन्हा ऑपरेशन, आणि या वयात ती परत चालेल याची खात्री नाही. मायने सगळं ऐकलं आणि घरी आल्यावर मला म्हणाली, "मन्हा पाय नको काढू देऊ रे भाऊ. त्यापेक्षा मी जास ती बरी." जी बाई आयुष्यात कधी बसून राहिली नाही ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझं सगळं विज्ञान तिथे गळून पडलं. मी रफिकला फोन लावला, आणि त्या दिवशी त्याला फोटोवाला म्हणालो नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "एक औषध आहे मास्तर. ते सुजेला नाही, थेट जंतूला जाऊन चिकटतं. सर्जनला विचार, त्यांची हरकत नसेल तर गोळ्या थोडे दिवस थांबवा आणि अक्काला घेऊन ये." सर्जनने लगेच चिठ्ठी लिहून दिली.

आम्ही सकाळी लवकर पोहोचलो. रफिक नुकताच 'गाय पिळून' आला होता. शिशाच्या जाड कवचातलं एक यंत्र मुंबईहून येतं, रोज सकाळी त्यातून टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य काढायचं, आणि आठवडा सरत जातो तसं ते कमी कमी होतं. म्हणून त्या धंद्यात त्याला सगळे गायच म्हणतात. हे ऐकून मायला कितीतरी दिवसांनी हसू आलं. "तुन्ही गाय चारा काय खास रे?" रफिकने हात जोडून सांगितलं, "अक्का, ती काही खात नई, पन लाथ जोरात मारस." तो शिशाच्या आडोशाआड उभा राहून औषध तयार करत होता आणि मी काचेतून बघत होतो. नंतर त्याने मला सांगितलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आपल्याच शरीरात जंतूंशी लढणारी काही प्रथिनं असतात. त्यातल्या एकाचा इवलासा तुकडा माणसाने बनवलाय, त्याच्या पाठीवर टेक्नेशियम बसवायचं आणि सोडून द्यायचं रक्तात. जंतू जिथे लपलाय तिथे तो तुकडा स्वतःहून जातो नि त्याला धरून बसतो. त्याला कुणी वाट दाखवायला लागत नाही... तीस वर्षं पोरांना अणू शिकवला मी, फळ्यावर वर्तुळं काढून. अणूचं हे काम मला ठाऊकच नव्हतं!

सुई देण्याआधी रफिक मायच्या गुडघ्याकडे बराच वेळ बघत राहिला. कातडीवर काळे डाग होते. शेकताना भाजलं, असं तिने सर्जनला आणि मलाही सांगितलं होतं. रफिकने खाली बसून विचारलं, "अक्का, बिब्बा लाया ना?" मायने इकडेतिकडे बघितलं. "शेजारीणनी लाया. मास्तरले सांगू नको." मी तिच्या मागेच उभा होतो. माझ्या घरात, विज्ञानाच्या मास्तरच्या मायने, बदललेल्या सांध्यावर कातडी भाजून सुजवणारा बिब्बा! मी तोंड उघडणार तोच रफिकने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गुपचूप बाहेर जाऊन बाकावर बसलो. तो मागोमाग येऊन म्हणाला, "रागावू नको. माझ्या अम्मीनेही जन्मभर तेच केलं." आणि आत जाऊन त्याने ही गोष्ट सेंटरच्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातली.

चिठ्ठीवर फक्त गुडघा लिहिलेला होता. रफिकने बाईंची परवानगी घेऊन डोक्यापासून पायापर्यंत सगळं घ्यायचं ठरवलं. मला घाई झाली होती, मी म्हणालो, "अरे, दुखणं गुडघ्याचं आहे, डोक्याचं नाही." तेव्हा त्याने मला त्याच्या अब्बांची गोष्ट सांगितली. अब्बा मागावरून उतरलेलं कापड तपासायचे. व्यापारी एका जागी बोट ठेवून म्हणायचा, इथे धागा तुटलाय. अब्बा त्या बोटाकडे बघायचेच नाहीत. अख्खं थान खिडकीच्या उजेडात धरायचे आणि या काठापासून त्या काठापर्यंत हाताने सरकवत बघायचे. "अब्बा म्हणायचे, गिऱ्हाईक बोट ठेवतं तिथे दोष असेलच असं नाही. थान खोटं बोलत नाही, आपण अर्धंच बघतो."

पडद्यावर ठिपके जमू लागले. बाईंनी मलाही काचेआडून बघू दिलं. अंधारात आधी नुसती धूळ, मग धुळीतून हळूहळू एक माणूस उभा राहिला... माझी माय. मूत्रपिंडं उजळलेली, ती उजळणारच, औषध तिथूनच बाहेर जातं. गुडघ्यावर फिकटसा उजेड होता. म्हणजे जंतू तिथेच, मी मनात म्हणालो. थोड्या वेळाने दुसरा फोटो, मग आणखी एक. आणि तो उजेड विरत गेला, हो, माझ्या डोळ्यांसमोर विरत गेला! सूज असते तिथे रक्त जास्त धावतं, म्हणून औषध तिथे जरा घुटमळतं, पण धरायला जंतूच नसला की निघून जातं. गुडघा विझला. पण वर, डाव्या जबड्यात, एक ठिपका होता तो प्रत्येक फोटोत आणखी ठळक होत होता. एवढासा, तुरीच्या दाण्याएवढा. मी आजवर देवळात हात जोडलेत, दर्ग्यात जोडलेत, पण त्या काचेपुढे जोडले गेले तसे कधीच नाही.

मी विचारलं, "म्हणजे?" तर रफिक म्हणाला, "रिपोर्ट बाई देतील. तो माझा अधिकार नाही." मग दार उघडून मायजवळ गेला आणि तिने घाबरू नये म्हणून सहज विचारावं तसं विचारलं, "अक्का, दाढ दुखस का तुन्ही?"

माय चकित. "तुले कोनी सांगं रे?"

"तिनीच सांगं."

दोन महिने दाढ ठणकत होती! गुडघ्याच्या एवढ्या मोठ्या दुखण्यापुढे दाढेचं काय रडगाणं गायचं, म्हणून ती गप्प राहिली होती. बाईंचा रिपोर्ट तेच सांगत आला आणि सर्जनने ऑपरेशनचा विषय तिथेच बंद केला. दातांच्या डॉक्टरने दाढ काढली, खाली पू साठलेला होता. चार दिवसांत ताप गेला, बिब्ब्याची सूज सावकाश उतरली. दिवाळीला माय स्वतःच्या पायांनी शेतात जाऊन आली. मी रफिकला मिठाई घेऊन गेलो तर म्हणाला, "मला कसली? ज्याने ते औषध शोधलं त्याला दे." पण डबा मात्र सगळा संपवला पठ्ठ्याने.

मयताच्या दिवशी मी मायला मुद्दाम नेलं नव्हतं. चाळिसाव्या दिवसानंतर रफिकच्या बायकोला, सलमाभाभींना भेटायचा तिनेच हट्ट धरला. रफिकचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद नि उभा. मी म्हणालो, माय, तू गाडीत बस, मी सलमाभाभींना खाली बोलावतो. ती माझ्याकडे बघतही नव्हती, जिन्याकडे बघत होती. "हाऊ पाय त्यानाच शे," ती म्हणाली. "मी वर जासू." आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढली. मधे दोनदा थांबली, पण माझा हात घेतला नाही. मी मागून तो उजवा गुडघा वाकताना नि सरळ होताना बघत होतो आणि मला रडू आवरेना.

वर भाभींनी रफिकचे धुतलेले शर्ट घड्या घालून पलंगावर ठेवले होते, गरजूंना द्यायला. माय त्यांच्या शेजारी बसली. मग मायने वरचा शर्ट उचलला, उठून खिडकीशी गेली आणि उजेडात धरला. तिला ही सवय कुणाची ते ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. कॉलरपासून खालच्या काठापर्यंत, बाह्या, पाठ, सगळं हाताने सरकवत बघितलं. शर्ट धडधाकट होता. फक्त खिशाच्या वरच्या कडेला, जिथे रोज तो बिल्ला अडकवलेला असायचा, तिथे कापड झिजून जाळी झाली होती. एवढीशी, तुरीच्या दाण्याएवढी, आणि तिथून उजेड आत येत होता.

"सुई-दोरा शे का घरमा?" मायने विचारलं.

भाभींनी शर्ट तिच्या हातातून घेतला. "नको अक्का," त्या म्हणाल्या. "हा मी कोणालाच देणार नाही."