ल्यूथरच्या बायकोला लावलेलं कुंकू

समई अर्धी चिंचेने घासून झाली होती, अर्धी अजून काळीच. ती तशीच सिंकमध्ये ठेवून जयमालाने देव्हाऱ्यातल्या तसबिरी पुसायला खाली घेतल्या, आणि मार्टिन ल्यूथरचं चित्र हातात येताच ते तिने उजेडात धरलं. कुंकवाभोवती कागदावर तेलाचा डाग पसरला होता.

चित्र होरी-सानचं. जपानात, ओजिमाच्या या सरकारी इमारतीत शेजारच्या दारात राहणाऱ्या होरी-सान म्हणजे एका पाद्रीबाबांच्या विधवा. जयमाला पुण्याहून नवी आली तेव्हा कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा, हे त्यांनीच तिला हाताला धरून शिकवलं. दिवाळीचा पहिला डबा तेव्हापासून त्यांच्याकडे जातो. खुब्याच्या ऑपरेशनसाठी फुनाबोरीच्या हॉस्पिटलात जाताना, घराचं छत गळतं म्हणून, नवऱ्याने जन्मभर जपलेला चित्रांचा गठ्ठा त्यांनी जयमालाच्या हवाली केला होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, जर्मन धर्मसुधारक ल्यूथरचं सगळं आयुष्य. विजेच्या कडकडाटात आडवा पडलेला तरुण, चर्चच्या दारावर कागद ठोकणारा संन्यासी, किल्ल्यात बसून बायबल आपल्या भाषेत आणणारा दाढीवाला. आणि एक घरातलं: तो वीणेसारखं काहीतरी वाजवतोय, भोवती मुलं, शेजारी बायको.

संतमाणसाची चित्रं पायांशी कशी ठेवायची? गठ्ठा तिने उंच फळीवर ठेवला आणि हे घरातलं चित्र देव्हाऱ्यात. गुरुवारी सगळ्या तसबिरींना गंध-कुंकू लावता लावता हात पुढे गेला. त्याला गंध, तिला कुंकू. सवाष्ण बाईला कोरडं ठेवणं जिवावर आलं. कुंकू टिकावं म्हणून त्यात तेलाचा थेंब घालायची तिची सवय. या चित्राला काच नाही, हे ध्यानातच आलं नाही.

तिने कापसाने टिपून पाहिलं. कपाळावरचं कुंकू गालापर्यंत उतरलं.

“यबाई!” मागून मिताली जपानीत ओरडली, ‘वाट लागली’ अशा अर्थाने. “आई, त्यांच्या चर्चमध्ये चित्राला कोणी काही लावत नाही. नुसता लाकडी क्रूस असतो.”

“ओरडू नकोस गं.”

उदय लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, “उद्या चर्चची माणसं प्रदर्शनासाठी गठ्ठा न्यायला येणार ना? दे बांधून. ते मधलं चित्र कोण कधी उघडतंय!”

“अहो, होरी-सान उघडतील. व्हीलचेअरवर बसून जाणार आहेत त्या, खास तेवढ्यासाठी. चारचौघांत त्यांनी हे बघायचं?”

उदयने लॅपटॉप मिटला.

आपल्या हातून बाटल्यांची बुचंसुद्धा वेगळी करून घेणारी ती बाई. घरातली एकच जपायची वस्तू तिने आपल्याकडे दिली, आणि आपण भक्तीपोटीच ती नासवली. देवापुढे कबूल करणं सोपं होतं, त्याला मराठी समजतं. जयमालाचं जपानी मात्र भाजी आणि कचऱ्यापुरतं.

“मितू, सवाष्ण हे जपानीत कसं सांगायचं?”

“तसं काही नसतंच इथे.” मिताली जरा थांबली. “मी येऊ?”

“नको. माझं मी सांगेन. नाही जमलं तर फोन करेन.”

तिने चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलं, चिंचेचे हात पुन्हा एकदा साबणाने धुतले. समई राहू दे. भेटीची वेळ संपायच्या आत फुनाबोरीला जाऊन होरी-सानना चित्र दाखवायचं होतं.