बाहेरचा साक्षीदार

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बस कंपनीत अपघातांच्या चौकशीचं काम करत. कुठे बस घसरली, कुठे फुटपाथवर चढली, की हे टेप आणि वही घेऊन हजर. टायरच्या खुणा मोजायच्या, काचा कुठवर उडाल्या ते बघायचं आणि मग साक्षी घ्यायच्या. साक्षींबाबत त्यांचा नियम कडक होता. ड्रायव्हरच्या नातेवाइकांचं, दोस्तांचं म्हणणं लिहून घ्यायचं, पण त्याच्यावर निकाल द्यायचा नाही. "बाहेरचा माणूस आणा," म्हणायचे. ऑफिसात त्यांना पुरावेबुवा म्हणत आणि वरवर कितीही रागावले तरी आतून त्यांना ते आवडायचं.

हाच माणूस दर रविवारी चर्चमध्ये उभा राहून शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची हकिकत वाचायचा, खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता.

त्यांच्या लेकीला मुलगी झाली तेव्हा भावोजी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. नात तीन महिन्यांची झाल्यावर त्यांनी कुणाला न विचारता बाप्तिस्म्याची तारीख ठरवून टाकली. लेक कॉलेजात इतिहास शिकवते. बाळाला खांद्यावर थोपटत ती शांतपणे म्हणाली, "बाबा, ज्यांनी येशूची ही हकिकत लिहिली ते सगळे त्याचेच लोक होते ना? मग तुमच्या नियमानं बाहेरचा साक्षीदार कोण?"

भावोजी म्हणाले, आहेत की, पुष्कळ आहेत. पण एकाचंही नाव त्यांना सांगता येईना. तोंड एवढंसं झालं. त्यांनी तारीख पुढे ढकलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वाचनालयाच्या दारात जाऊन उभे राहिले.

मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. त्यानंतर दोन महिने दुपारभर माझ्या डोक्यावर त्यांच्या चपला वाजत होत्या. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. ताई वैतागून खाली येऊन बसायची. म्हणायची, दोन हजार वर्षांपूर्वीच्या केसची फाइल उघडलीय यांनी, आता काही खरं नाही.

पहिला साक्षीदार सापडला तेव्हा मात्र ते स्वतःच जिना उतरून मला सांगायला आले. एक रोमन इतिहासकार होता. त्यानं लिहून ठेवलं होतं की या पंथाच्या मूळ पुरुषाला पिलात नावाच्या सुभेदारानं देहदंड दिला. हा लिहिणारा त्या लोकांचा तिरस्कार करायचा, म्हणजे साक्ष पक्की, भावोजी खुशीत म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. त्यानं हे घटनेनंतर ऐंशीपंच्याऐंशी वर्षांनी लिहिलं होतं. मग त्याला हे कळलं कुठून? सरकारी दप्तरातून, की त्याच लोकांच्या तोंडून?

दुसरा साक्षीदार ज्यू इतिहासकार. त्याच्या ग्रंथात येशूबद्दल एक उतारा होता, पण त्यात इतकी स्तुती होती की ती त्याच्या लेखणीतून येणं शक्य नव्हतं. नंतरच्या कुणा भाविक नकलनविसानं त्यावर हात फिरवला होता, असं बहुतेक अभ्यासकांचं मत. भावोजींनी नोकरीत असे जबाब पाहिले होते. मधलीच एक ओळ वेगळ्या शाईत. "असा कागद फेकून द्यायचा नसतो," ते म्हणाले, "आणि जसाच्या तसा धरायचाही नसतो." त्याच ग्रंथात दुसरीकडे येशूच्या भावाला दगडांनी मारल्याचा ओझरता उल्लेख होता. तो मात्र त्यांना खरा वाटला. ओझरतं बोलणारा माणूस सहसा बनवत नाही.

तिसरा कागद म्हणजे नंतरच्या एका रोमन सुभेदारानं बादशहाला लिहिलेलं पत्र. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, असं त्यात होतं. आणि खरं काय ते काढण्यासाठी त्यानं त्यांच्यातल्या दोन गुलाम बायकांचा छळ केला होता. त्याला त्यातून भलती अंधश्रद्धा तेवढी हाती लागली. बायकांची नावंही त्यानं लिहिली नव्हती.

त्या दिवशी चपला वाजल्या नाहीत. मी वर गेले तर भावोजी कॉटच्या कडेला बसले होते. त्यांनी मला डेपोतल्या झाडूवालीची गोष्ट सांगितली. बावीस वर्षांपूर्वी एक बस भिंतीवर आदळली होती. ड्रायव्हर हिचा भाचा. ब्रेक लागत नसल्याचं त्यानं सकाळीच मुकादमाला सांगितलं होतं आणि ते आपण कानांनी ऐकलं, असं ती सांगत होती. भावोजींनी तिला तीनदा बोलावलं, तासन्‌तास उभं ठेवलं, दरडावलं. तिनं शब्द बदलला नाही. त्यांनी शेरा मारला, 'नातेवाईक. ग्राह्य नाही.' भाच्याची नोकरी गेली.

"मी तिचंही नाव लिहिलं नव्हतं," ते म्हणाले.

डेपोतल्या जुन्या माणसांना विचारत आम्ही दोघं तिला शोधत गेलो. नाल्यापलीकडच्या एका खोलीत ती लेकीकडे राहत होती. डोळ्यांनी अधू झाली होती, पण आवाज ओळखला. भावोजी चाचरत काहीबाही बोलत राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, मी तेव्हा सांगितलं तेच आज सांगते. तुम्हाला पटलं नाही, ते तुमचं तुम्ही बघा."



रविवारी त्यांनी लेकीला बसवून अहवाल दिला. येशू नावाचा माणूस होऊन गेला, त्याला सुभेदारानं मारलं, त्याचे लोक होते आणि छळ सोसूनही ते त्याचं नाव घेत होते, एवढं बाहेरचे सांगतात. तो मेलेल्यांतून उठला, याला मात्र घरचेच साक्षीदार. "आणि घरचे म्हणून खोटे, असं आता माझ्याच्यानं म्हणवत नाही. खरेच, असंही सिद्ध करता येत नाही."

लेकीनं बाळाला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, बाप्तिस्म्याचं ही मोठी झाली की तिची ती ठरवेल. भावोजींनी वाद घातला नाही. ताईनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी नातीला न्हाऊ घालायला गेली.

शुभवर्तमान ते अजून वाचतात, पण मध्येच थांबतात. लोकांना वाटतं चष्मा बदलायला झाला. ताई म्हणते, चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच काय वाचतायत ते ऐकतायत.

बस कंपनीला त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं. इतकी जुनी कागदपत्रं नष्ट केल्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. मग त्यांनी तो भाचा हुडकून काढला. दोन तासांवरच्या गावात तो टायरचं पंक्चर काढतो. भावोजी एकटेच गेले आणि संध्याकाळी परतले. तो काय बोलला हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त ताईला म्हणाले, गुरुवारी डबा लवकर कर, मला परत जायचंय.