सुभेदारकाकांचा पाइन

सुभेदारकाका कुणाच्याही घरी गेले की आधी चहा नाही, आधी बागेतलं झाड. इस्लामपुरात नवा बंगला बांधला की फाटकाशी नर्सरीतून आणलेला ‘पाइन’ लागतोच. काका त्याची काडी दोन बोटांत धरून ओढत, ती सांध्यावर तुटे, आणि घरमालकाच्या तोंडावर निकाल जाहीर होई, “सुरूचं झाड हाय ह्ये, पाइन न्हवं. फसलासा.” हौसेनं बोलावणाऱ्याचा चहा कडू करायची ही कला त्यांनी फौजेत कमावली असावी.

खरा पाइन कसा ओळखायचा, हे त्यांनी सगळ्या गल्लीला शिकवलं होतं. “पानाच्या बुडाशी बगा. तीन सुया एकाच म्यानात. तिघं भाऊ एका घोंगडीत निजल्यागत.”

त्यांचा एकुलता एक मुलगाही फौजेत होता. उत्तराखंडात दरड कोसळली, त्यात गेला. त्याची ट्रंक घरी आली, तिच्यात पाइनचं एक फळ होतं, लाकडासारखं टणक, खवल्याखवल्यांचं. आईला दाखवायला ठेवलं असेल. काकांनी ते झटकलं तर सात बिया निघाल्या. सहा कुजल्या, एक रुजली. आमच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबतं म्हणून त्यांनी अंगणात मुरूम नि वाळूचा उंच ओटा केला आणि रोप त्यात लावलं. मातीत बोट खुपसायचं, दोन पेरं कोरडी लागली तरच तांब्याभर पाणी. ऊसवाले शेजारी हसत. काका म्हणत, “डोंगरातला हाय त्यो. तहान काढंल, पन पाय भिजल्यालं सोसनार न्हाई.”

पहिली दोन वर्षं सुया सुट्याच येत होत्या. तिसऱ्या वर्षी तिघींची पहिली जुडी दिसली, तेव्हा शेजारी राहणारी मी शाळेत शिकवून घरी येईपर्यंतही त्यांना धीर धरवला नाही, शाळेतच निरोप धाडला. डोळे भरलेले. “बाई, पोरगं वळखाय आलं.”

चौथ्या उन्हाळ्यात ते हृदयाच्या ऑपरेशनला सांगलीला गेले, काकूही सोबत गेल्या. किल्ली माझ्याकडे. “बोट घालून बगा, बाई. उगं पानी नगं.” पण मी उसाच्या रानात वाढलेली. शेंडे जरा पिवळे दिसले आणि मला राहवेना. रोज संध्याकाळी पाइप सोडू लागले. झाड आणखी पिवळं पडे, मी आणखी पाणी सोडी. महिन्यानं दोघं परतले तेव्हा ते पार वाळलं होतं.

“उन्हानं गेलं, काका,” मी म्हणाले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

काका ओट्याशी बसले. मूठभर माती उचलून त्यांनी दाबली. बोटांमधून पाणी ओघळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हात लेंग्याला पुसला आणि दारात उभ्या असलेल्या काकूंना म्हणाले, “बाई म्हनत्यात ते खरं हाय. ऊन लय हुतं औंदा.”

दिवाळीच्या आधी काका गेले. काकू अधूनमधून माझ्याकडे येऊन बसतात. परवा माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “तुमी लय जीव लावलासा त्याला. पन उन्हापुढं कुनाचं चालतंय?”

मी मान हलवली. माझं खोटं काकांनी आपल्या शब्दानं खरं करून ठेवलंय. ते आता मी कोणत्या तोंडानं खोडू?