तोंडाचा रोजा

वरठीत आमचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. इथल्या स्टील प्लांटातले लोक ड्युटीवर जाता-येता थांबतात, गाडी अब्बांच्या हवाली करतात आन् स्वतः माह्यासमोर स्टूल ओढून बसतात. गाडीचं काम कधीच होऊन जाते, पण हे काही हलत नाहीत. कारण मी नकला करतो. शाळेत होतो तवापासून. हेडमास्तर, बँकेतला साहेब, दूधवाला, शेजारची खाला, कोणालेच सोडलं नाही. एक डाव माणूस पाहिला का त्याची चाल माह्या पायात येऊन बसते. मी तरी काय करू?

यंदा रमजानमधे भूक-तहानचं मले काहीच वाटत नव्हतं. ऊन अजून तापलं नव्हतं. आपल्याले रोजा लागतच नाही म्हणून मी उलटा मिरवून राहिलो होतो.

मंग एका जुम्म्याच्या नमाजले मशिदीत मौलानांनी बयान केलं. म्हणाले, रोजा पोटापुरता नसते. नफ्स नावाचा एक हावरट हरेकाच्या आत बसला आहे. त्याले भाकर नाही भेटली तं तो दुसरं काही मागते. कोणाले डोळ्यानं खायचं राहते, कोणाले जिभेनं. आन् माणसाच्या पाठीमागं त्याची चेष्टा करणं, त्याच्या चालण्या-बोलण्याची नक्कल करून हसणं, म्हणजे आपल्याच मेलेल्या भावाचं मांस खाणं.

बयान मले एवढं आवडलं का दुकानावर येऊन मी ते पोट्ट्यांले जसंच्या तसं करून दाखवलं. दाढीवरून हात फिरवणं, 'नफ्स' म्हणताना डोळे मिटणं, मधातच माइकले टिचकी मारणं, सगळं. पोट्टे लोळून लोळून हसले.

अब्बा चाकातली हवा पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "भरलं का पोट?"

"रोजा आहे न माहा."

"कायचा रोजा बे? आत्ताच तं मौलाना खाल्ला तू, दाढीसकट."

पोट्टे आणखी हसले. मी बी हसलो. पण मंग पंक्चर काढता काढता ते बोलणं बराबर ध्यानात आलं. भूक मले सतावत नव्हती, कारण माही खरी भूक भाकरीची नव्हतीच. चार माणसं हसली का माहं पोट भरे. आन् ते जेवण तं मी पहाटेच्या सहरीपासून सांजच्या मगरिबपर्यंत बिनधास्त चालू ठेवलं होतं.

तसाच उठून मौलानांकडं गेलो. सांगतलं, ईदपर्यंत कोणाची नक्कल नाही.

"बकरीची चालते का?" मी हळूच इचारलं.

ते हसले. "बकरीले वाईट वाटत नाही. पण बकरीच्या आडून माणूस आणू नको."

चांगलेच ओळखत होते मले.

दुसऱ्या दिवसापासून मले पहिल्यांदा रोजा लागला. "कर ना बे त्या सायबाची." "ईदनंतर." "बिमार आहे का तू?" एक जण तं असा नाकातून, मधात शिंका देत बोलला का मी दुकानाच्या मागं जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. ओठ फडफडत होते.

आन् तेवढ्यात बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट आला. अड्याळकडचे एक काका, धानाचे शेतकरी, आमचे जुने गिऱ्हाईक, ते त्या पटाचे अध्यक्ष. बैलजोड्या पळताना माइकवर बोलायले दरवर्षी मलेच बोलावतात.

"औंदा एक पाहुणा येऊन राहिला," काका म्हणाले. "नाटक कंपनीचा मालक. त्याले हसवणारा पोट्टा पाहिजे. मी तुहं नाव सांगून ठेवलं."

झाडीपट्टीतल्या नाटकात जोकर व्हायचं हे शाळेपासूनचं माहं एकच सपन. सध्या मी नकला करत नाही, हे तेव्हाच सांगायले पाहिजे होतं. मी म्हटलं, "येतो."

पटावर मी बैलांले बोलतं केलं. "डावा म्हणते, तू पुढं हो. उजवा म्हणते, मागच्या साली मीच झालो होतो." बकरी केली, गाडीखाली झोपलेलं कुत्रं केलं. लोक हसले, पण तोंडातल्या तोंडात. मालक काळा चष्मा लावून मंडपात बसला होता.

"जनावरं झाली," तो म्हणाला. "आता माणूस कर. यांची कर." त्यानं काकांकडं बोट दाखवलं.

काकांची नक्कल म्हणजे तोंडात आलेला घास. एक हात कमरेवर, मान तिरपी, हर वाक्याच्या पहिले "आता पाह्य भौ". मैदानातून आरडाओरडा सुरू झाला. "काकाची! काकाची!"

काका खुद म्हणाले, "कर गा, मले काही राग नाही."

नफ्स मोठा वकील आहे. तो म्हणाला, पाठीमागं कुठं करून राहिला तू? समोर करून राहिला. त्याहीनंच परवानगी देली. माहा हात आपोआप कमरेवर गेला. लोक पुढं सरकले. हसू तिथं तयारच होतं, तोंड उघडायचीच देर.

मी हात खाली घेतला.

"काका," माइकमधेच म्हटलं, "तुमी वाढून राहिले, पण मलेच खायचं नाही. रोजा आहे."

"तोंडाचा बी राहते का?" काका म्हणाले. "आमच्या उपासाले साबुदाणा तरी राहते गा!"

"साबुदाण्याच्या जागी मले बैल ठेवले न."

याच्यावर हसले लोक. पण मालक नाही हसला. उठला, माह्याजवळ आला. "स्टेजवर उद्या म्हणशील, आज मन नाही. असा पोट्टा मले नाही परवडत."

"ईदनंतर येतो, जी. जे म्हणान ते करून दाखवतो."

"तवापर्यंत दुसरा भेटन," तो म्हणाला आन् गाडीत बसून निघून गेला. धूळ खाली बसेपर्यंत मी तिकडंच पाहत होतो. मंग पुढची जोडी पुकारली. आवाज थोडा फाटला, कोणाच्या ध्यानात नाही आलं.

दिवस बुडाला तशी काकांनी घरून आणलेली पाण्याची लोटी माह्यासमोर ठेवली. मी खिशातल्या पुडीतला खजूर काढला, दुवा केली, खाल्ला. काका पाहत बसले.

"पस्तावा होऊन राहिला का?"

"होऊन राहिला न."

"मंग उद्या दुकानावर कोणी म्हटलं तं?"

"उद्या बी नाही," मी म्हटलं, आन् लोटी तोंडाले लावली.