इंजिन चालू हाय

अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजचा तो मिस्त्री आमच्यासोबत ट्रॅकवर बाइक पळवायला यायचा आणि हमखास पडायचा. उठून धूळ झटकत म्हणायचा, "डांबर लई गरम हाय की, तुमी बी बघा लोळून!" सगळे पोट धरून हसायचे. मी कधीच पडलो नव्हतो, पण माझ्याभोवती कुणी जमायचं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गेल्या रविवारी वळणावर मी घसरलो. सगळ्यांत आधी तोच धावत आला. माझी बोटं एकेक हलवून पाहिली आणि मग ओरडला, "इंजिन चालू हाय, नुसता रंग गेलाय!"

सगळे हसले. तो मात्र माझा हात सोडायला तयार नव्हता. तो पडायचा तेव्हा मी एकदाही असा धावलो नव्हतो. आता मला त्याच्या धावण्याचाही हेवा वाटला.